दहापैकी चार

१८ एप्रिल, गुरुवार

बोटीचा भोंगा. आज दुपारी जरा डोळा लागला आणि तोच ऐकू आला, पासष्ट वर्षांपूर्वीचा. जयगडच्या शाळेत मी तिसरीत होतो. कविता चालू असायची, सगळा वर्ग एका सुरात, आणि मधेच खाडीच्या तोंडाशी मुंबईची बोट भोंगा द्यायची. गुरुजी हात वर करायचे. आम्ही ओळीच्या मध्यात, अर्धा शब्द तोंडात धरून थांबायचो. भोंगा संपला की हात खाली, आणि चाळीस पोरं त्याच अक्षरापासून पुढे. कुणी चुकायचं नाही. पुढे छत्तीस वर्षं मीही मराठी-इंग्रजी शिकवलं, वृत्तं फळ्यावर मांडली, पण त्या थांबण्यातला ताल मला कुठल्या गणात बसवता आला नाही.

ही वही हर्षदनं दिली. हर्षद माझा विद्यार्थी, पाठांतरात पहिला. आता त्याचा आंब्याचा कारखाना आहे, पेट्या भरतात, रस डबाबंद होतो, आणि तीन वर्षांपासून जयगड रस्त्यावर त्याची संस्थाही आहे. फळप्रक्रिया आणि निर्यात यांचा वर्षभराचा अभ्यासक्रम, बाहेरदेशच्या मुलांसाठी. टांझानिया, मोझांबिक, नेपाळ, भूतान, मिळून नऊ जण. त्यात ‘व्यवसायातील नीती’ असा एक विषय आहे आणि तो शिकवायला कोणी मिळेना. हर्षद घरी आला, पाया पडला, म्हणाला, “सर, आम्हाला खरं बोलायला तुम्हीच शिकवलंत. त्यांनाही शिकवा.”

नाही कसं म्हणणार? हिच्या आजारपणात त्यानं स्वतः गाडी चालवून सहा वेळा कोल्हापूरला नेलं. शेवटच्या दिवशी खांदाही दिला.

माझी थोरली बहीण यमुनाताई म्हणाली, “दादू, चौऱ्याहत्तराव्या वर्षी आफ्रिकेच्या पोरांना नीती शिकवतोस? मला सत्तर वर्सं तुझं बोलणं कळलं नाय, त्यांना काय कळणार मेल्या?”


२३ एप्रिल, मंगळवार

पहिला तास. मी इंग्रजीतून बोलतो, इथे मराठीतून लिहितो.

पुस्तकातलाच प्रश्न विचारला. तुम्ही नोकरी करता तिथे तुमच्या ओळखीचा माणूस गिऱ्हाइकांना फसवतो आहे, तुम्हाला कळलं, तर काय कराल? दहा गुण, एक पान.

भूतानचा ताशी म्हणून मुलगा आहे, फार हळू बोलतो. त्यानं लिहिलं, मी काहीच बोलणार नाही, त्याच्यासमोर रोज नीट काम करत राहीन, त्यालाच लाज वाटेल. नेपाळच्या दोघांनी लिहिलं, नोकरी सोडीन. टांझानियाची नीमा, एम्ट्वारा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावची, तिनं लिहिलं ते उतरवून ठेवतो, कारण वाचताना मला हसू आलं. ‘मी त्या माणसाच्या घरी मोठं कोण आहे ते शोधीन. मामा, आजी, कोणीही. त्यांच्याकडे जाऊन बसेन. चहा होईल. मी त्या माणसाचं नाव काढणार नाही. एक म्हण सांगेन. मोठ्या माणसाला कळतं.’

मी दहापैकी चार दिले. खाली लाल शाईनं लिहिलं, ‘सत्याला चोरवाट लागत नाही. उघड बोलावं.’ ओळ जमली होती असं वाटलं.

तास संपल्यावर ती कागद घेऊन आली. “म्वालिमू,” म्हणाली. त्यांच्याकडे गुरुजींना म्हणतात असं. “चारच का?”

मी समजावलं, आडून बोललं की फसवणाऱ्याला वेळ मिळतो. ज्यांना फसवलं त्यांचं काय?

तिनं विचार केला. “आमच्याकडे उघड बोललं तर त्या माणसाला परत यायला वाट राहत नाही,” म्हणाली. मग म्हणाली, “पण मी इथे तुमचं शिकायला आले आहे.”

गुणी मुलगी. असे विद्यार्थी आता आपल्याकडे राहिले नाहीत.


३० एप्रिल

नीमाला इथलं सगळं घरच्यासारखं वाटतं. नारळ, मासे, काजू. तिची आई पंधरा बायकांबरोबर काजू फोडते, सोलते, आणि व्यापारी येईल त्याला देते. काजूच्या चिकानं आईची बोटं काळी पडली आहेत. नीमा परत गेली की बायका स्वतःच माल भरून विकणार, त्यासाठी तिला धाडलं आहे. चर्चमधल्या लोकांनी मिळून तिकीट काढलं.

आज वर्गात मी जरा गंमत म्हणून हर्षदच्या पेटीवरचं लेबल नेलं होतं. त्यावर माझ्या दोन ओळी आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यानं मागितल्या, मी लिहून दिल्या.

कातळाच्या कुशीतुनी उगवे हा सोनरस
रत्नागिरीच्या मातीचा हाच खरा हापूस

मी म्हणून दाखवल्या. अर्थ सांगितला. कातळ म्हणजे काय, त्या तांबड्या दगडात सुरुंग लावून खड्डा करावा लागतो तेव्हा कलम उभं राहतं, हे सांगता सांगता मीच गहिवरलो. दुसरी ओळ म्हणताना अजून अडखळायला होतं. ‘हाच’च्या जागी काहीतरी दुसरं हवं होतं.

नीमानं विचारलं, “हा कागद कुठल्या आंब्यावर लावतात?”

“हर्षदच्या सगळ्या पेट्यांवर.”

“सगळ्या?”

“अगदी सगळ्या.”

“आणि आंबा दुसऱ्या मातीतला असेल तर?”

मी म्हटलं, कवितेत चालतं. कवितेत समुद्रही बोलतो.

“पण हा कागद पेटीवर आहे,” ती म्हणाली.

मुलं हसली, मीही हसलो. काव्यदृष्टी आहे तिला. दोन्ही ओळी वहीत लिहून घेतल्या.


२ मे, गुरुवार

दहा दिवसांपासून मुलं दुपारी हर्षदच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाला जातात. आज नीमा तासानंतर थांबली. तिला एक प्रकरण लिहायचं आहे, कुठून सुरुवात करू विचारत होती. स्वाध्याय असणार, वर्षअखेरीस एक लिहावा लागतो. मी सांगितलं, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच, तारीख घालून, खाली स्वतःचं नाव.

“आणि आधी मोठ्या माणसाकडे नेऊ की उघड?”

“पुन्हा तेच? चार गुण विसरलीस वाटतं?” मी थट्टेनं म्हटलं. “ज्यांची फसवणूक होते आहे त्यांच्यासमोर वाचायचं. उभं राहून. खणखणीत.”

तिनं मान हलवली. जरा घाबरल्यासारखी वाटली. तिला चारचौघांत वाचायची सवय नाही. मी म्हटलं, छातीत हवा भरून घे आणि ओळीच्या शेवटी आवाज पाडू नकोस.


७ मे

मतदान करून आलो. ताईनं बोटाची शाई शेजारच्या कमळाला दाखवली, तिनं तिची. कमळा हर्षदच्या कारखान्यात आहे, पेट्यांना, डब्यांना लेबलं लावते. तिच्याच हाती हर्षदनं आमच्यासाठी दोन डझन आंबे धाडले होते.

ताईनं एक कापला आणि चाकू खाली ठेवला. “हा आपला नव्हे. साल बघ, चपलेसारखी. घाटापलीकडचा हाय.”

कमळा म्हणाली, “ताई, खावा गपचूप. आंबा गोड हाय ना?”

“गोड हाय. म्हणून काय आपला झाला?”

मी ताईला दटावलं. यंदा उन्हानं मोहोर जळला, फळ नाही. हर्षदनं बाहेरदेशच्या लोकांना शब्द दिलेला. थोडा माल कर्नाटकातून आणतात, सगळेच आणतात, सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर काय बोलायचं.


१० मे, अक्षय तृतीया

घाईनं लिहितो आहे. अक्षर वाईट येईल.

कारखान्यात आज पूजा आणि जेवण होतं. परदेशी खरेदीदार आले होते, चार जण. प्राचार्य अक्षया मॅडम, आम्ही सगळे, विद्यार्थी, कामगार बायका, मिळून शंभरेक माणसं. हर्षदनं भाषण केलं, माझ्या ओळी म्हटल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी तो म्हणाला, कोणाला काही विचारायचंय?

नीमा उभी राहिली. तिनं वहीतून कागद काढला. छातीत हवा भरून घेतली, मी बघत होतो. आणि वाचलं. सव्वीस एप्रिल, दोन ट्रक, क्रेटवर कन्नड अक्षरं. अठ्ठावीस एप्रिल, तीन ट्रक. चालकाला विचारलं, त्यानं बागेचं गाव सांगितलं, ते धारवाडजवळ आहे. त्या फळांवर इथे कुठलं लेबल लागलं. शेवटी तिचं पूर्ण नाव आणि आजची तारीख. एकाही ओळीच्या शेवटी तिनं आवाज पाडला नाही.

मला आधी तिचं वाचन ऐकून बरं वाटत होतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटत होतं.

खरेदीदार जेवले नाहीत. गाडीत बसून गेले.

हर्षद ओरडला नाही. मला कडेला घेऊन म्हणाला, “सर, घरातली गोष्ट घरात बोलतात. तिनं आधी माझ्याकडे यायचं. माझ्याकडे नाही तर तुमच्याकडे. तुम्ही मोठे आहात, मला दोन शब्द सांगितले असतेत, मी ऐकलं असतं. असं चव्हाट्यावर?”

मला त्याचं पटलं. खरंच, कुणी असं करतं का? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येऊन पाय धुताना आठवलं की हेच तिनं लिहिलं होतं आणि मी तिला चार गुण दिले होते.


११ मे

हर्षदचा मॅनेजर रितेश येऊन कागद देऊन गेला. त्यावर माझी सही हवी. त्यात लिहिलंय की सदर विद्यार्थिनीनं शिक्षकाशी कोणतीही चर्चा केली नव्हती, तिचं भाषाज्ञान कच्चं असून तिनं जे पाहिलं त्याचा चुकीचा अर्थ लावला. मंगळवारी सभा आहे. माझी सही असेल तर तिला काढून टाकायला कागद पुरतो, आणि एकदा काढलं की तिला देश सोडावा लागतो.

रितेश म्हणाला, “नुसती सही सर. बाकी आम्ही बघतो.”

“आणि नाही केली तर?”

“तर खरेदीदार परत यायचे नाहीत. ऐंशी बायका घरी बसतील. साहेबांचं काय होईल ते तुम्हीच ठरवा. तुमच्यावर जीव आहे त्यांचा.”

रात्रभर कोल्हापूरचा रस्ता डोळ्यांपुढे. मागच्या सीटवर ही, तिचं डोकं माझ्या मांडीवर, पुढे हर्षदची मान. आंबा घाटात तो गाडी इतकी हळू घ्यायचा.


१३ मे, सोमवार

दोन दिवस जेवण जात नाही. ताई म्हणाली, “तुला ठरवता येत नाय तर देवीला विचार. आपली माणसं काय उगाच विचारत आली?”

गावदेवीला गेलो. भागोजी गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. “बोला सर, काय विचारू?”

वाटेत मी शब्द ठरवले होते. ‘मी खोटं लिहू का’ हे विचारायचं होतं. पण ताई शेजारी उभी, भागोजी हर्षदच्या वाडीतला. मी म्हटलं, “संस्थेचं आणि गावातल्या ऐंशी घरांचं भलं होईल असं करू का, ते विचार.”

उजवी पाकळी लगेच पडली.

ताईनं हात जोडले. भागोजीनं तीर्थ देताना माझ्याकडे पाहिलं. “सर, यावर देवी नाय कशाला म्हणेल?” एवढंच म्हणाला.

जे विद्यार्थी प्रश्न बदलून उत्तर लिहायचे त्यांना मी बाकावर उभं करत असे.

घरी येऊन सही केली. रितेश दारातच थांबला होता.


१४ मे

सभा. हर्षद, अक्षया मॅडम, रितेश, आणखी दोन विश्वस्त, मी. नीमा समोर खुर्चीवर, हात मांडीवर.

मॅडमनी विचारलं, “असं सगळ्यांसमोर वाचायला तुला कोणी सांगितलं?”

ती माझ्याकडे पाहील असं मला वाटलं. मी चष्मा पुसत होतो.

“कोणी नाही,” ती म्हणाली.

“शिक्षकांना विचारलं होतंस?”

“नाही.”

मॅडमनी माझा कागद वाचून दाखवला. भाषाज्ञान कच्चं असून. ती ऐकत होती, आणि जिथे माझं नाव आलं तिथे तिनं मान खाली घातली, जशी मोठ्या माणसाच्या चुकीकडे बघायचं नसतं म्हणून घालतात तशी.

मी एक शब्द बोललो नाही. वही उघडून बसलो आहे तर निदान इथे खरं लिहितो. बोलायला जागा होती, वेळ होता, मॅडमनी दोनदा विचारलं, सर तुम्हाला काही म्हणायचंय? मी म्हटलं, नाही.


१५ मे

काही नाही. कविता आठवून पाहिल्या. एकही पुरी आठवत नाही.


१६ मे, गुरुवार

वसतिगृहावर गेलो. नीमा बॅग भरत होती. ताशी जिन्यावर बसला होता, मला पाहून उठून उभा राहिला पण नमस्कार केला नाही.

मी विचारलं, “माझं नाव का नाही घेतलंस?”

“सगळ्यांसमोर म्हाताऱ्या माणसाचं नाव घ्यायचं?” तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. “आमच्याकडे नाही घेत.”

“पण मी तुला उघड बोलायला शिकवलं होतं.”

“ते मी एकदा केलं.” ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

“तू रागावली नाहीस माझ्यावर?”

“रागावले आहे. माझ्या भाषेत. तुम्हाला नाही कळणार.”

आईला कळवलंस का विचारलं. नाही, म्हणाली. पंधरा बायका आहेत, एकीला सांगितलं की सगळ्यांना कळतं, आणि त्या अजून पिशव्यांवर छापायला नाव शोधताहेत. काल फोनवर विचारत होत्या, इंग्रजी ठेवायचं की आपल्या भाषेतलं. तिनं सांगितलं, आपल्या भाषेतलं ठेवा.

उद्या सकाळच्या गाडीनं मुंबई. तिथे ओळखीच्या एका कुटुंबाकडे आठवडाभर, विमान पुढच्या शुक्रवारी पहाटे.

घरी आलो. ताईनं पेज दिली. “तोंड कसलं करून बसलास? हर्षदचं काम झालं ना?” म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, सही, सभा, सगळं. तिनं पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, “आणि मी तुला देवीकडं नेलं.” उठून आत गेली.


१८ मे, शनिवार

हर्षदकडे गेलो. म्हटलं, मी सही मागे घेतो.

“घ्या की,” तो म्हणाला. त्याच्या बायकोनं सरबत आणलं. “मग लोक विचारतील, वर्गात काय शिकवलंत. ते सांगाल?”

“सांगीन.”

“आणि लेबलावरच्या ओळी कोणाच्या, तेही? सर, मागच्याच वर्षी कर्नाटकातला माल उतरताना तुम्ही माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसला होतात. चहा पीत. काही बोललात?”

नव्हतो बोललो. कावेरी नदीवर काहीतरी सांगत होतो त्याला, मला चांगलं आठवतं.

“मी वाईट माणूस आहे का, सर?” त्यानं विचारलं. खरंच विचारत होता. मी नाही म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं, म्हणूनच इतकं अवघड जातं आहे.

घरी येऊन नवा कागद लिहिला. नीमानं मला विचारलं होतं. उघड वाच असं मी सांगितलं होतं. तिनं पाहिलं ते बरोबर आहे, मलाही ते ठाऊक होतं. त्या दोन ओळी माझ्या आहेत आणि त्या या फळावर खोट्या आहेत. चौदा तारखेच्या सभेत वाचलेला कागद खोटा आहे. सही, पत्ता. एक प्रत मॅडमना दिली. दुसरी संस्थेच्या फलकावर स्वतः लावली, चार टाचण्या, चार कोपरे. तासाभरात काढली म्हणे कोणी, पण तोवर सगळ्यांच्या फोनवर गेली.


२० मे

सकाळी कमळा फाटकाशी उभी राहून बोलली, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं.

“पोरगी निघाली तिच्या देशी. आमी कुठल्या देशी जायचं, सर? निम्म्या बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंन. तुमाला पेन्शन हाय. तुमी लिवा कागद, लावा टाचण्या.”

ताई बाहेर आली. “कमळे, आवाज खाली कर.”

“का म्हणून? उघडच बोलायचं आता, सरांनीच शिकवलंय.”

ती गेली, जाताना फाटक आपटलं नाही, ओढून नीट लावलं. रोजची सवय.

दुकानात कोणी बोलत नाही. ज्यांना मी अक्षरओळख करून दिली ती माणसं पलीकडच्या बाजूनं जातात. संस्थेतून निरोप आला की माझी आता गरज नाही.


२१ मे, मंगळवार

अक्षया मॅडम स्वतः आल्या. बसल्या नाहीत.

“सर, तुमचं पत्र वाचलं. माझा विश्वास आहे. पण आधी एक सही, आता उलटी दुसरी. विश्वस्त म्हणतात, सरांचं वय झालं, आठवत नाही. डॉक्टरचा दाखला आणतो म्हणाले.”

“मी पाहिलंय मॅडम. मागच्या वर्षी.”

“यंदाचं नाही ना पाहिलंत? कारखान्यातलं आतलं कोणी लिहून देईल तर मी तिचं काढणं थांबवू शकते. गुरुवार दुपारपर्यंत. त्यानंतर मला काही करता यायचं नाही.”

आतलं कोण? ताशी आणि बाकीच्यांना कारखान्याचं दार बंद झालं आहे, आणि बोलले तर तेही नीमाच्या मागोमाग. चालक धारवाडचे, नावंही ठाऊक नाहीत. बायका. मी संध्याकाळी तिघींच्या घरी गेलो. एकीनं पाणी दिलं आणि शेजारणीकडे निघून गेली. एकीच्या नवऱ्यानं सांगितलं ती माहेरी आहे, आणि आत भांडी वाजत होती. तिसरीनं दार उघडलं नाही. कमळाच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. कुठल्या तोंडानं?

एका मुलीच्या पायाखालची वाट मी दोनदा काढून घेतली, एकदा शिकवून आणि एकदा गप्प बसून. पंधरा बायका पिशव्यांना नाव शोधताहेत. छत्तीस वर्षांत मी किती कागदांवर लाल शाईनं शेरे मारले असतील. त्यातला एखादा कोणी खरा धरून चाललं असेल का, हा विचार आज पहिल्यांदा मनात आला आणि बसवेना.

नीमाला फोन लावला. तिनं उचलला. “म्वालिमू, तुम्ही जेवलात का?” म्हणाली. मी फोन ठेवला.


२२ मे, बुधवार

पहाटेपासून ओटीवर बसलो होतो. साडेसहाला दार वाजलं. म्हटलं रितेश असेल, डॉक्टर घेऊन. मी उघडायला जाईना तेव्हा ताईनंच उघडलं.

कमळा. डोक्याला कारखान्याची निळी टोपी, हातात डबा. शिव्या द्यायच्या राहिल्या असतील असं वाटून मी उभा राहिलो.

“सर, काल रितेशनं बायकांच्या सह्या घेतल्या,” ती म्हणाली. “कागदावर काय, तर म्हणे लेबलं त्या पोरीनं स्वताच लावली. कारखान्याची बदनामी करायला.”

“तू केलीस सही?”

“मी?” तिनं डबा खाली ठेवला. “चौदा वर्सं त्या कारखान्यात लेबल माझ्या हातचं. एक वाकडं दाखवा, एकाला सुरकुती दाखवा. ती पोरगी चार दिस माझ्या बाजूला बसली व्हती, तिला गोंद पण लावता येत नाय, बोटं चिकटवून घेत बसायची. आणि रितेश म्हणतो तिनं लावली. तीन हजार पेट्यांवर. बघणारा काय म्हणेल, कमळा काय करत व्हती तवा?”

ताई म्हणाली, “अगो, तुझं काम जाईल.”

“जाईल तर जाईल. पण केलेलं माझं हाय.”

तिनं चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन जमिनीवर बसली आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी कागद शोधू लागलो, हाताला लागेना. ताईनं ही वही पुढे केली, तिच्यातलंच मागचं पान फाडलं.

“लिवा,” कमळा म्हणाली. “कुठला ट्रक कुठल्या दिवशी, मी सांगत्ये, सगळं लिवा. आणि जरा भराभर, सर. सातला माझी पाळी हाय.”